रतनवाडी आणि भंडारदरा पाणलोटातल्या वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की फोन सुरू होतात. "रतनगड झेपेल का?", "सांदण दरीत आता जाता येईल का?", "पोरांना घेऊन आलो तर?" गेली बरीच वर्षं या भागात पायी फिरतो आहे, त्यामुळे लोक मलाच विचारतात. तीच उत्तरं परत परत देण्यापेक्षा एकदाची लिहून काढली. मुक्काम रतनवाडीत धरून लिहिलंय, कारण माझ्या मते या भागात पायी फिरायला तेच गाव बरं.

भंडारदरा, शेंडी, रतनवाडी: नक्की कुठे उतरायचं?

सगळे म्हणतात भंडारदरा, पण बसमधून उतरता ते शेंडीला. धरणाची भिंत, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, होड्या सगळं शेंडीत. हा अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. जलाशयाच्या अगदी मागच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी आहे. शेंडीहून मुतखेलमार्गे रस्त्याने साधारण वीस किलोमीटर. त्याच्या पुढे साम्रद, मग घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत करत रस्ता धरणाला वळसा घालून परत शेंडीत येतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा हा फेरा गाडीवाल्यांचा. पायी फिरणाऱ्याने रतनवाडी किंवा साम्रद गाठावं आणि गाडी विसरावी.

यायचं कसं?

मुंबईकरांनी कसारा किंवा इगतपुरी स्टेशन गाठायचं, तिथून घोटी, आणि घोटीहून बारी-वारंघुशीमार्गे शेंडी. पुण्याहून येताना संगमनेर-अकोले-राजूर हा रस्ता जरा लांबचा वाटतो, पण नवख्याला तोच सोपा. आळेफाटा-ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळ असाही एक आहे. शेंडीपर्यंत एसटी आणि जीप मिळतात. पुढे रतनवाडीपर्यंतचं वाहन मात्र आदल्या दिवशी फोन करून ठरवलेलं बरं. शेवटची गाडी चुकली की शेंडीतच मुक्काम पडतो. अभयारण्याच्या हद्दीत शिरताना वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. ती फाडा आणि जपून ठेवा.

कधी यावं?

कशासाठी येताय त्यावर आहे. इथल्या वाटा पाण्याच्या हिशोबाने चालतात. आज जिथून घोटाभर पाण्यातून सहज गेलात, तिथेच जुलैत उभंही राहता येत नाही.

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा काजव्यांचा. जुलै-ऑगस्ट म्हणजे धबधबे, धुकं, आणि समोरचा माणूस दहा पावलांवर दिसेनासा. घाटघरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उगाच नाही त्याला नगरची चेरापुंजी म्हणत. या दिवसांत बघायला या, चढायला येऊ नका. धरण स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरतं असा इथला जुना ठोकताळा आहे. तो सुट्टीचा आठवडा मी स्वतः टाळतो, कारण धरणाभोवतीच्या रिंगरोडवर गाड्यांची जी रांग लागते ती पुण्यातही बघवत नाही.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत गवत हिरवं, सोनकी पिवळीधमक, ओढे उतरलेले. माझ्या मते हेच खरे दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाटा कोरड्या आणि हवा स्वच्छ, पण रात्री धरणाकाठी हुडहुडी भरते. एकच स्वेटर आणून शेकोटीच्या भरवशावर राहिलेले लोक पहाटे तीन वाजता चूल मागायला आलेले मी पाहिलेत. मार्च-एप्रिलमध्ये ऊन फार आणि पाणी कमी. तेव्हा सांदण सोडून बाकी काही सुचवणार नाही.

रतनगड पहिल्यांदा ट्रेक करणाऱ्याला झेपेल का?

रोज तास-दीड तास चालायची सवय असेल तर झेपेल. गड १२९७ मीटर उंच. रतनवाडीहून वर जायला तीन तास धरा, फोटो काढत गेलात तर चार.

वाट अमृतेश्वराच्या देवळाजवळून निघते आणि सुरुवातीचा बराच वेळ एका ओढ्याची सोबत करते. कधी या काठाने, कधी त्या काठाने. हा ओढा म्हणजे प्रवरा. बरेच जण "नाला आहे" म्हणून बूट हातात घेऊन ओलांडतात आणि पुढे जातात. पण हीच नदी खाली धरणात साठते, रंधा धबधब्यावरून उडी घेते, अकोले-संगमनेर करत नेवाशात ज्ञानोबांच्या पैसाच्या खांबाजवळून वाहते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. इथे मात्र दोन दगडांवर पाय ठेवून पार होते. मी दरवेळी तिथे पाच मिनिटं बसतो. पाणी इतकं नितळ की तळाच्या खड्यांवरून सरकणारे मुरीसारखे छोटे मासे मोजता येतात, आणि पाय स्थिर ठेवला तर बोटांना टोचायला येतात.

ओढा सुटला की गच्च जंगल लागतं. हिरडा, जांभूळ, अंजन, करवंदीच्या जाळ्या. शेकरूची घरटी वर झाडांच्या शेंड्यांत दिसतात, काटक्यांचे गोळे अडकवल्यासारखी. शेकरू दिसलंच तर नशीब. जंगल संपलं की कातळाला लावलेल्या दोन लोखंडी शिड्या, मग गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा आणि त्यापुढे गडाचा माथा.

शिड्यांची भीती वाटते असं पुष्कळ जण सांगतात. शिडी मजबूत आहे, हलते थोडी. एका वेळी एकानेच चढायचं, खाली बघायचं नाही, मोबाईल खिशात. त्रास खरा माकडांचा. हातातली पिशवी दिसली की ती शिडीवरच हिसकतात आणि माणूस दचकून हात सोडतो. खाणं बॅगेच्या आत, आणि बॅग पाठीवर.

नेढं बघायलाच हवं का?

हो. नाहीतर रतनगडाला येऊन उपयोग काय! कातळाला आरपार पडलेलं सुईच्या नाकासारखं भोक आहे, दहा-बारा माणसं आत आरामात बसतात. वारा मात्र असा की टोपी गेली की कोकणातच. तिथून एका बाजूला कळसूबाई, अलंग-मदन-कुलंगची रांग आणि खाली पसरलेलं धरण. दुसऱ्या बाजूला आजोबाचा डोंगर, कात्राबाई आणि लांब हरिश्चंद्रगड. उन्हाळ्यात कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, त्यामुळे अत्तर, डिओ, सिगारेट काहीही नको. चुकून माश्या उठल्याच तर हातवारे न करता, तोंड झाकून निमूट खाली सरकायचं.

उतरायला दुसरी वाट आहे का?

आहे, आणि मी तीच घ्यायला सांगतो. नेढ्यातून पलीकडे उतरलं की त्र्यंबक दरवाजा लागतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पण एकेक पायरी गुडघ्याएवढी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. तिथून खुट्ट्याच्या सुळक्याला वळसा घालून अडीच-तीन तासांत साम्रदला पोहोचता. पावसात या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तेव्हा आल्या वाटेनेच परत फिरायचं.

वाट चुकण्याची शक्यता कितपत?

रतनवाडीहून जाताना जंगलात एक फाटा आहे. उजवीकडची वाट गडावर जाते. सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेला. सरळ वाट जास्त मळलेली दिसते आणि घोळ तिथेच होतो.

पहिल्यांदा मीच चुकलो होतो. तासभर मजेत चाललो, चढ संपेना, शिडी येईना. शेवटी सरपणाची मोळी घेऊन उतरणारा एक म्हातारा भेटला. "बाबा, रतनगड अजून किती लांब?" विचारलं तर मोळी खाली टेकवून मागे बोट दाखवलं, "त्यो काय, मागं ऱ्हायला!" मग माझ्याकडची बाटली घेऊन दोन घोट पाणी प्यायला आणि हसत हसत फाट्यापर्यंत सोबत आला. तेव्हापासून ज्याला त्याला सांगतो, मळलेली वाट म्हणजे आपलीच वाट असं नसतं. ती गुरांची, सरपणाची किंवा शेजारच्या गावाचीही असते. नकाशा घरूनच मोबाईलमध्ये उतरवून आणा, इथे नेटवर्क कड्यावर येतं आणि खोऱ्यात जातं.

वाटाड्या घ्यावा का?

पहिल्या खेपेला घ्याच. पाण्याचा अंदाज त्याला असतो, आपल्याला नसतो. गावातली पोरं हे काम करतात. पैसे आधी ठरवा आणि ठरलेले द्या, शेवटी घासाघीस करू नका. "दादा, आज ओढा कसा आहे?" हा प्रश्न सकाळी आवर्जून विचारायचा. "आज नको" असं उत्तर आलं तर वाद घालायचा नाही. शनिवारी रात्री मुंबईहून गाडी करून आलोय हे ओढ्याला माहीत नसतं.

सांदण दरीत कधी उतरता येतं?

डिसेंबर ते मे. पावसाळ्यात मुळीच नाही. सांदण म्हणजे साम्रदच्या पठाराला पडलेली खोल भेग. आत शिरलं की दोन्हीकडे उभ्या कातळभिंती आणि वर आभाळाची पट्टी, काही ठिकाणी ऊन तळापर्यंत येतच नाही. पाऊस पडला की सगळ्या पठाराचं पाणी याच भेगेत उतरतं. तेव्हा आत माणसाला जागा उरत नाही आणि पळायला बाजूही नाही. एप्रिल-मेत वळवाचे ढग दिसले तरी मी आत जात नाही.

आत दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं. पहिल्या डोहात गुडघाभर, दुसऱ्यात हंगामानुसार कमरेच्या वर. हिवाळ्याच्या सुरुवातीला ते पाणी बर्फासारखं लागतं. फेब्रुवारीनंतर बरंच उतरतं. तिथून पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून जायचं. पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत येणं कुणालाही जमेल. पुढे कोकणात उतरायचं तर दोर लावून कडे उतरावे लागतात, त्यासाठी अनुभवी गट आणि सामान हवंच. खाली उतरल्यावर करोली घाटाने परत साम्रदला चढता येतं किंवा शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला निघता येतं.

"आशियातली दुसऱ्या नंबरची दरी" वगैरे बिरुदं ऐकू येतील. सोडून द्या. साम्रदला मला त्याहून भारी वाटतं ते हे, की गावाच्या एका अंगाला पडलेला पाऊस प्रवरेतून गोदावरीत आणि पार बंगालच्या उपसागरात जातो, आणि दुसऱ्या अंगाचा सांदणमधून कोकणात उतरून अरबी समुद्राकडे. एका गावाच्या बांधावर पाण्याची वाटणी होते.

घाटघरला बघण्यासारखं काय आहे?

कोकणकडा. इथेही एक आहे, हरिश्चंद्रगडाचा वेगळा. आणि खाली उतरणारी चोंढ्याची जुनी घाटवाट. धरणासारखं आणखी एक पाणी दिसेल, ते घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं वरचं तळं. गंमतीचा प्रकार आहे हा. विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली चोंढ्याच्या तळ्यात सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज करतात आणि मागणी नसते तेव्हा तेच पाणी पंपाने परत डोंगरावर चढवतात. २००८ पासून हे चालू आहे.

कळसूबाई याच मुक्कामात जमेल?

जमेल, पण बारी गावात आदल्या रात्री जाऊन झोपा. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या, तीन-साडेतीन तास. रविवारी आणि नवरात्रात शिड्यांवर रांग लागते. वाट चुकायची तर भीतीच नाही.

रतनवाडीहून हरिश्चंद्रगडावर चालत जाता येतं?

येतं, आणि पाय मजबूत असतील तर या भागातला हा सगळ्यात सुंदर पल्ला. पहिल्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. सहा-आठ तास लागतात. खिंड ओलांडली की खोरं बदलतं, प्रवरा मागे राहते आणि मुळा सुरू होते. ही मुळा वेगळी, पुण्याची नव्हे. ही पुढे राहुरीजवळच्या मुळा धरणात जाते आणि शेवटी नेवाशाजवळ प्रवरेलाच मिळते. दुसऱ्या दिवशी कुमशेतहून पाचनई आणि तिथून दोन-अडीच तासांत गड. पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या सगळ्या वाटांमध्ये सोपी. खिंडीच्या आधी बाटल्या भरून घ्या, जानेवारीनंतर मधे पाण्याचा भरवसा नाही.

अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात पाणी का भरतं?

भरपावसात गाभाऱ्यात पाणी साठतं आणि पिंड पाण्याखाली जाते. पुजाऱ्यांना त्याचं नवल नाही. देऊळ शिलाहार काळातलं, बारीक नक्षीचं. शेजारी पुष्करणी आहे, तीही बघा. तिच्या पायऱ्यांवर बूट धुणारे लोक पाहिलेत म्हणून सांगतो, तिथे बूट धुवू नका.

धरणात पोहता येतं का? काठावर तंबू लावले तर?

पोहू नका. वरून शांत दिसणारं पाणी काठापासून दोन पावलांवर एकदम खोल होतं, तळाशी गाळ आहे आणि पाणी गार. पट्टीचे पोहणारेही पाय अडकून गेलेत. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि रतनवाडीच्या बाजूला नुसता भेगाळलेला गाळ उरतो, तेव्हा होडी इथवर येतच नाही.

तंबू गावातल्या कुणाच्या तरी शेतात, विचारून आणि पैसे देऊन लावा. पाण्याच्या अगदी कडेला नको. गडावर मुक्कामाचा बेत असेल तर आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा, हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि त्याचे नियम लागू होतात. स्पीकर आणू नका. एका रात्री पलीकडच्या काठावरच्या गाण्यांनी या काठाची वासरं रात्रभर हंबरत होती.

काजवे कुठे दिसतात?

रतनवाडी, मुतखेल, पांजरे, कुठेही. सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर. एखादं अख्खं झाड एका लयीत विझतं आणि पेटतं. पण गाडीचे दिवे चालू ठेवून, टॉर्च मारून बघायला आलात तर काहीच दिसणार नाही. त्यांचा उजेड हे नर-मादीचं बोलणं आहे आणि आपला उजेड पडला की ते थांबतं. झाडाखालच्या गवतातही शिरू नका, माद्या तिथेच असतात. अलीकडे रात्रीच्या प्रवेशावर बंधनं आली आहेत, ती योग्यच आहेत. मुख्य रस्ता सोडून गावातल्या एखाद्या घराच्या ओट्यावर बसा, दिवा बंद करायला सांगा आणि वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या.

जेवणाखाण्याचं काय? शाकाहारी मिळेल?

घरगुती जेवण मिळतं. सकाळी सांगून ठेवा, ऐनवेळी दहा जण जाऊन उभे राहिलात तर मावशीने काय करावं! नागलीची भाकरी, पिठलं किंवा हुलग्याचं कालवण, ठेचा, भात. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, उकळत्या पाण्यात मळावं लागतं. मावशी ती हातावरच फिरवत फिरवत ताटाएवढी करतात आणि एकाही कडेला चीर पडत नाही. मी एकदा प्रयत्न केला, माझ्या भाकरीचे तव्यावर चार तुकडे झाले. त्याच तुकड्यांवर पिठलं घालून त्यांनी मलाच वाढले.

एवढं पाणी समोर असताना गावात टंचाई कशी?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये आलात तर पडेलच. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव भिंतीला आणि इंजिनिअर आर्थर हिल यांचं जलाशयाला मिळालं. साठा सुमारे अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. बांधलं ते खालच्या दुष्काळी मुलखासाठी. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर भागात ऊस उभा केला आणि त्यावर साखर कारखाने उभे राहिले. वरची गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पाणी त्यांच्या पायाशी, पण खोल दरीत, आणि वस्त्या उतारावर. पाऊस धो धो कोसळतो आणि कातळावरून निघून जातो, म्हणून उन्हाळ्यात बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. तेव्हा मुक्कामी आलात तर आंघोळीला दोन बादल्या मागू नका.

इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. गावकऱ्यांशी बोलायला सुरुवात कशाने करावी असं विचारलंत तर मी म्हणेन, विल्सनऐवजी राघोजींची चौकशी करा.

साप, बिबट्या?

बिबट्या आहे, तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला बघत नाही. रात्री एकट्याने रानात फिरू नका, एवढं पुरे. पावसाळ्यात कारवीच्या आणि झुडपांच्या फांद्यांवर हिरवा चापडा बसलेला असतो, अगदी पानासारखा. आधाराला फांदी धरण्याआधी ती नीट बघा. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला हलू न देता थेट राजूर किंवा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि निघतानाच १०८ ला फोन लावा.

लहान मुलं आणि आई-वडील बरोबर आहेत, त्यांना काय दाखवू?

अमृतेश्वर, सांदणचं तोंड, घाटघरचा कडा (कठड्याच्या आत राहून), आणि रतनगडाच्या वाटेवर पहिला ओढा ओलांडण्यापर्यंत. तिथवर सपाटी आहे, अर्धा तास लागतो. मुलांना पाण्यात पाय घालून बसवा. फक्त पावसाळ्यात वर डोंगरावर काळं आलेलं दिसलं, किंवा ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, पाचोळा वाहून यायला लागला, तर डबा तिथेच ठेवून सगळ्यांना आधी गावाच्या बाजूच्या काठावर आणा. डबा नंतर शोधता येईल.